मोजलेला वेग आणि काढलेला वेग

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या विज्ञान पुरवणीत एक लेख आला होता. खडकातून जाणाऱ्या भूकंपलहरींचा वेग आता संगणकच ‘मोजून’ देतो, त्यामुळे विहिरीत वेगळं उपकरण सोडायची गरज उरणार नाही, असा त्याचा सूर होता. लेख वाईट नाही. लेखकाने मेहनत घेतली आहे, आकृतीही स्वच्छ आहे. माझी तक्रार एका क्रियापदाबद्दल आहे. संगणक वेग मोजत नाही. मोजतं ते केबलला बांधून खाली सोडलेलं उपकरण. संगणक इतर नोंदींवरून वेग काढतो. एका शब्दासाठी एवढं पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. पण मी तीसेक वर्षं वेल लॉग, म्हणजे विहिरीत खोलीप्रमाणे घेतलेल्या मोजण्यांच्या नोंदी, वाचण्यात घालवली आणि या दोन शब्दांच्या घोळाने माझी बरीच रात्रपाळी खाल्ली, तेव्हा लिहिल्याशिवाय राहवत नाही. पत्र लांबलं तर कात्री आपल्याच हातात आहे. फक्त आकड्यांवर चालवू नका.

‘विहीर’ म्हटलं की वाचकाला पाण्याची विहीर आठवेल. आमची विहीर म्हणजे साडेआठ इंच व्यासाचं, दोन-तीन किलोमीटर खोल भोक, तेही चिखलाने भरलेलं. त्यात उपकरणं तळापर्यंत सोडायची आणि वर ओढता ओढता दर अर्ध्या फुटाला एक वाचन घ्यायचं. खडकाचा नैसर्गिक गॅमा किरणोत्सर्ग, विद्युत रोधकता, घनता, न्यूट्रॉन सच्छिद्रता, कॅलिपर म्हणजे भोकाचा प्रत्यक्ष व्यास. आणि नशीब असेल तर सोनिक. सोनिकच्या उपकरणात एका टोकाला आवाज करणारा प्रक्षेपक असतो, थोड्या अंतरावर ग्राहक बसवलेले असतात. लहर भोकाच्या भिंतीतल्या खडकातून पुढे जाते आणि एक फूट खडक ओलांडायला तिला किती मायक्रोसेकंद लागले ते लॉगवर उमटतं. म्हणजे लॉगवर वेग नसतो, वेळ असतो. ३,०४,८०० ला त्या आकड्याने भागलं की मीटर प्रति सेकंदात वेग मिळतो. लॉगवर १०० असेल तर ३,०४८. छिद्रं नसलेल्या चुनखडकात ४७.५ येतो, म्हणजे ६,४०० च्या थोडं वर. डोलोमाइटला ४३.५, घट्ट क्वार्ट्झी वालुकाश्माला ५५.५ आणि पोलादी केसिंगला, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून आत बसवलेल्या नळीला, ५७.

हा ५७ आम्ही प्रत्येक वेळी बघायचो. उपकरण वर येताना केसिंगमध्ये शिरलं की रेघ ५७ वर सरळ चालायला हवी. नाही चालली तर खालच्या दोन किलोमीटरवर विश्वास ठेवायचा नाही, पुन्हा उतरवायचं. मी ‘मोजणं’ म्हणते ते याला: ताडून बघायला हाताशी पोलादाची नळी असणं.

मोजलेला आकडाही डोळे झाकून घेण्यासारखा नसतो, हे आधीच कबूल करते. भोक वेडंवाकडं असेल किंवा चिखलात वायूचे बुडबुडे असतील तर दूरच्या ग्राहकाला लहरीचं पहिलं टोक ऐकूच येत नाही, तो पुढच्या आवर्तनाला जागा होतो. मग लॉगवर एकदम काटा उभा राहतो. याला सायकल स्किपिंग म्हणतात. महिनाभर शिकलेल्या पोरालाही तो ओळखता येतो. मोजणीची चूक अशी चव्हाट्यावर येते. काढलेल्या वेगाची चूक मात्र बहुतेक वेळा सभ्य चेहऱ्याने बसलेली असते.

तरीही वेग काढावा लागतो आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. विहिरीतला पहिला विद्युत लॉग १९२७ मध्ये फ्रान्समधल्या पेशेलब्रॉनच्या तेलक्षेत्रात घेतला गेला; सोनिक लॉग व्यवहारात आला तो १९५० च्या दशकात. मधल्या काळातल्या असंख्य विहिरींची रोधकता कागदावर आहे, वेग नाही. नंतरच्या विहिरींतही वरचे काहीशे मीटर सोनिकशिवाय केसिंगखाली झाकले जातात. कधी उपकरण अडकतं, कधी भोक ढासळायच्या आत बाहेर पडायचं असतं, आणि कधी वरिष्ठ म्हणतात, या वेळी सोनिक राहू द्या. पण भूपृष्ठावरून घेतलेल्या सिस्मिक सर्वेक्षणात (वर धक्का द्यायचा आणि थरांवरून परत येणाऱ्या लहरी टिपायच्या) थरांचं परावर्तन वेळेच्या मापात येतं, खोलीच्या मापात नाही. जाऊन-येऊन २ सेकंद लागले आणि सरासरी वेग ३,००० असेल तर थर ३,००० मीटरवर. वेगात ३ टक्के चूक झाली की तो ९० मीटर वर किंवा खाली सरकला. वेगाशिवाय तो नकाशा म्हणजे नुसतं चित्र. म्हणून वेग काढतात.

काढायच्या रीती बऱ्याच आहेत. एल. वाय. फाउस्ट यांनी १९५१ मध्ये वेगाचा संबंध खोली आणि खडकाच्या वयाशी जोडला, १९५३ मध्ये वयाच्या जागी रोधकता आणली: खोली गुणिले रोधकता, त्याचं सहावं मूळ, आणि त्याला एक स्थिरांक. जुन्या, फक्त विद्युत लॉग असलेल्या विहिरींना हा मोठाच आधार होता. सहावं मूळ असल्यामुळे सूत्र क्षमाशील आहे; रोधकता दुप्पट झाली तरी वेग बाराच टक्के वाढतो. पण वालुकाश्मात पाण्याच्या जागी तेल आलं आणि रोधकता वीसपट झाली, तर हेच सूत्र वेग ६५ टक्क्यांनी चढवून ठेवतं. खऱ्या खडकात पाणी जाऊन तेल आलं तर पी-लहरीचा (खडक दाबत-सोडत जाणाऱ्या लहरीचा; आतापर्यंत बोलले तो वेग तिचाच) वेग थोडा उतरतो. ज्या थरासाठी विहीर खणली तिथेच सूत्र उलट्या दिशेने धावतं.

सच्छिद्रतेवरून काढायचा असेल तर वायली, ग्रेगरी आणि गार्डनर यांचं १९५६ चं काल-सरासरीचं समीकरण आहे. लहरीला काही वेळ कणांतून जायला लागतो, काही वेळ छिद्रांतल्या द्रवातून. दोन्हींची बेरीज करा. वीस टक्के सच्छिद्र वालुकाश्मात ०.८ गुणिले ५५.५ आणि ०.२ गुणिले १८९, मिळून ८२.२ मायक्रोसेकंद, म्हणजे सुमारे ३,७१० मीटर प्रति सेकंद. त्याच खडकाला रेमर, हंट आणि गार्डनर यांचं १९८० चं सूत्र लावलं तर ३,८४० च्या आसपास येतो. खडक तोच, सच्छिद्रता तीच, आणि सूत्र बदललं म्हणून वेगात सव्वाशेचा फरक. (या प्रांतात गार्डनर तीन आहेत. १९५६ चे एल. डब्ल्यू., १९७४ च्या प्रसिद्ध निबंधात त्यांच्यासोबत जी. एच. एफ., आणि १९८० चे जे. एस. वेगळेच. ‘गार्डनरने असं म्हटलंय’ असं कोणी म्हणालं की मी आधी ‘कुठल्या?’ असं विचारायची. सगळे वैतागायचे.)

आपल्या लेखात उल्लेख आहे तो गार्डनर मंडळींच्या १९७४ च्या सूत्राचा, आणि सगळ्यांत जास्त दुरुपयोगही त्याचाच होतो. मूळ सूत्र वेगावरून घनता काढायचं आहे: वेगाचं चौथं मूळ काढा, ०.३१ ने गुणा, घनता ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमध्ये आली. वेग फूट प्रति सेकंदात असेल तर ०.३१ च्या जागी ०.२३. या दिशेने चालाल तर सूत्र फार समजूतदार आहे. वेगात चार टक्के चूक केली तरी घनतेत एकच टक्का उतरते. आम्ही मात्र ते उलटं फिरवतो. घनतेला ०.३१ ने भागून उत्तराचा चौथा घात करतो. आता घनतेतल्या एका टक्क्याचे वेगात चार होतात. एक टक्का म्हणजे काय, तर २.४० च्या जागी २.३८ वाचणं. घनतेचं उपकरण भिंतीला चिकटून चालतं. भिंत जरा खरबरीत असली तरी तेवढा फरक पडतो.

आता हे सूत्र कोणत्या खडकात चालतं ते बघा. शेल (चिकणमातीचा खडक), वालुकाश्म, पाणी भरलेले साधे गाळाचे खडक इथे ठीक. खनिज मिठाच्या थरात घनतेचा लॉग २.०४ दाखवतो. सूत्राने वेग येतो सुमारे १,८७५. मिठाचा खरा वेग आहे ४,५०० च्या घरात. अ‍ॅनहायड्राइटची घनता २.९८, सूत्र देतं साडेआठ हजार. एवढा वेग कवचाखालच्या प्रावरणाच्या माथ्यावरही नसतो, तिथे आठ हजारांच्या आसपास असतो. अ‍ॅनहायड्राइटचा खरा वेग सुमारे ६,१०० आहे. आणि कोळसा! घनता १.३ धरली तर सूत्राप्रमाणे वेग ३०९ मीटर प्रति सेकंद. हवेतला आवाज याहून पुढे पळतो. खऱ्या कोळशात वेग दोन हजारांच्या वर असतो. यात गार्डनर मंडळींचा काही दोष नाही. मीठ, अ‍ॅनहायड्राइट, कोळसा या खडकांचे बिंदू आपल्या रेषेपासून दूर पडतात हे त्यांनाही माहीत होतं. सूत्र लावणारा थर न बघता ते वरपासून खालपर्यंत ओढून नेतो.

दुसऱ्यांना नावं ठेवण्याआधी माझा स्वतःचा पराक्रम सांगते.

नोकरीचं दुसरं वर्ष असेल. तेव्हा लॉग कागदावर असायचे, लांबच लांब घड्या, प्रकाशाच्या टेबलावर पसरून पेन्सिलने खुणा करायच्या. एका विहिरीत सोनिक नव्हता. मी घनतेवरून वेग काढला, वेग आणि घनता यांच्या गुणाकारावरून परावर्तन गुणांक काढले आणि सिंथेटिक सिस्मोग्राम, म्हणजे या विहिरीपाशी सिस्मिकवर काय दिसायला हवं त्याचं गणिती चित्र, तयार केला. मधोमध एक ठसठशीत परावर्तन आलं. सिस्मिक छेदावर साधारण त्याच जागी एक बारीक लाट होती. थोडं वर-खाली सरकवलं की जुळत होती. सरकवलं. फार आनंद झाला. त्या परावर्तनाला मी नावसुद्धा ठेवलं होतं.

आमच्या विभागाचे साहेब आले, दोन मिनिटं बघत उभे राहिले. काही बोलले नाहीत. घडी उलगडली, कॅलिपरचा रकाना शोधला आणि माझ्या परावर्तनाशेजारी पट्टी आडवी ठेवली. भोक साडेआठ इंचाचं. तिथे कॅलिपर चौदा इंच दाखवत होता. शेल ढासळून गुहा झाली होती. घनतेच्या उपकरणाचा भिंतीशी संपर्कच सुटला होता आणि ते खडकाऐवजी निम्मा चिखल वाचत होतं. २.४० च्या जागी २.०५. चौथा घात केल्यावर ३,५९० च्या जागी १,९१०.

“बाई,” साहेब म्हणाले, “हा थर नाही हो. हे भगदाड आहे.”

बाकी काही म्हणाले नाहीत, पण त्या दिवसापासून कॅलिपर बघितल्याशिवाय मी घनतेचा एकही आकडा कुठल्याही सूत्रात घातला नाही. ‘जवळजवळ जुळतंय’ या शब्दांचीही तेव्हापासून धास्ती बसली. सरकवायला परवानगी असेल तर कुठलीही लाट कुठल्याही लाटेशी जुळते.

दुसरी गोष्ट पुष्कळ वर्षांनंतरची. कागद गेले होते, फाइली आल्या होत्या. एक तरुण सहकारी धावत आला. “मॅडम, बघा ना, इथे गार्डनर किती मस्त बसतोय!” पडद्यावर वेग आणि घनता यांचा आलेख होता, दोन्ही अक्ष लॉगरिदमचे. बिंदूंचा पसरट ढग, जसा असतो तसा, आणि त्या ढगातून आरपार गेलेली एक कोरीव सरळ रेघ. मी म्हटलं, “रेघ छान बसवलीस. उतार किती आला?” तो गोंधळला. म्हणाला, “मी रेघ अजून काढलीच नाहीये.”

ती रेघ म्हणजे बिंदूच होते. दोन हजारांच्या आसपास बिंदू, एकही इकडचा तिकडे नाही. उतार ०.२५, गुणांक ०.३१. खडक असे रांगेत उभे राहत नाहीत. आम्ही खोलीप्रमाणे बिंदू वेगळे केले तर रेघेवरचे सगळे तीनशे मीटरच्या एका सलग पट्ट्यातले निघाले. त्या पट्ट्यात सोनिक घेतलाच गेला नव्हता. आमच्या आधी कोणीतरी, कधीतरी, घनतेवरून वेग काढून ती पोकळी भरली होती आणि भरलेला भाग मोजलेल्या भागाच्याच रकान्यात, त्याच नावाने ठेवून दिला होता. भरणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. बहुधा त्याला सिंथेटिकसाठी अखंड रेघ हवी होती. पण त्यानंतर त्या फाइलवरून खोलीचा नकाशा झाला, शेजारच्या विहिरीचा आराखडा झाला, आणि आता हा पोरगा त्याच फाइलवरून गार्डनरचं सूत्र खरं ठरवायला निघाला होता. सूत्राने दिलेले आकडे साक्षीदार म्हणून सूत्राच्याच बाजूने उभे होते.

वाचकांसाठी थोडा खुलासा. लॉगच्या फाइली बहुधा कॅनेडियन वेल लॉगिंग सोसायटीने ठरवलेल्या एलएएस नावाच्या साध्या मजकुराच्या स्वरूपात असतात. माथ्यावर प्रत्येक रकान्याची एक ओळ असते: नाव, एकक, मग कोलन, आणि कोलनपुढे वर्णनाला मोकळी जागा. सोनिकचं नाव डीटी. आमच्या फाइलीत कोलनपुढे काहीच नव्हतं. तिथे ‘घनतेवरून काढलेला, अमुक ते अमुक मीटर’ एवढं लिहायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. याच फाइलींमध्ये आणखी एक छान रिवाज आहे. जिथे मोजणी नाही तिथे −९९९.२५ लिहितात. हा आकडा कोणत्याही खडकाचा असूच शकत नाही, म्हणून तो निवडलाय. मला विचाराल तर या धंद्यातला सगळ्यांत प्रामाणिक आकडा तोच. त्याच्याकडे बघून कोणाची फसगत होत नाही. फार तर कोणी तो न वगळता सरासरी काढतं आणि वेग उणे आला म्हणून बोंब मारतं. ती चूक पाच मिनिटांत सापडते.

लेखात एस-लहरींच्या (खडकाला आडवं हलवत जाणाऱ्या लहरींच्या) वेगाबद्दल दोन ओळी आहेत, त्यांवर मात्र थांबायला हवं. जुन्या सोनिकमधून बहुधा पी-लहरीचाच वेग मिळायचा; एस-लहरीचा हवा तर सूत्र. कॅस्टॅग्ना, बॅट्झल आणि ईस्टवुड यांची १९८५ ची ‘मडरॉक रेषा’ सर्रास वापरतात: किलोमीटर प्रति सेकंदात, पी-वेगाला ०.८६२ ने गुणा आणि १.१७२ वजा करा. पी-वेग ३.० असेल तर एस-वेग १.४१. पाण्याने भरलेल्या शेल-वालुकाश्मात हे बरं चालतं. आता त्याच वालुकाश्मात पाण्याऐवजी वायू आला, असं धरा. वायू दाबला जातो, म्हणून पी-वेग उतरतो, समजा २.५ झाला. सूत्र सांगतं, एस-वेग ०.९८. पण एस-लहर द्रवातून किंवा वायूतून जातच नाही, ती कणांच्या सांगाड्यातून जाते. गासमान यांच्या १९५१ च्या सिद्धांताप्रमाणे छिद्रात काय भरलंय यावर खडकाचा कातर-विरोध अवलंबून नाही. वायूमुळे घनता किंचित घटते म्हणून एस-वेग उलट थोडासा चढतो. म्हणजे खरा एस-वेग १.४ च्या वरच राहिला. पी आणि एस यांचं गुणोत्तर वायूमुळे खऱ्या खडकात २.१ वरून १.८ च्या खाली यायला हवं होतं. सूत्राच्या खडकात ते वाढून २.५ झालं. आणि वायू ओळखायचा तो याच गुणोत्तरावरून! शिंकाळ्यातलं लोणी कोणी खाल्लं ते शोधायला मांजरालाच नेमावं, तसं हे झालं.

वेगाच्या सरासरीबद्दल एक चूक आकृतीखालच्या मजकुरात आहे, तीही सांगून टाकते. दहा मीटर थर २,००० चा आणि दहा मीटर ६,००० चा. सरासरी ४,००० नव्हे. पहिला ओलांडायला ५ मिलिसेकंद, दुसरा ओलांडायला १.६७, वीस मीटरला ६.६७ मिलिसेकंद, म्हणजे ३,०००. सरासरी वेळेची काढायची, वेगाची नाही. हळू थरात लहर जास्त वेळ रेंगाळते आणि म्हणून तिचं वजन जास्त. इमारतींच्या भूकंपसुरक्षेसाठी जमिनीच्या वरच्या ३० मीटरचा एस-वेग काढतात, तोही असाच: प्रत्येक थराची जाडी भागिले वेग, त्यांची बेरीज, आणि ३० ला त्या बेरजेने भागायचं. तिथे साधी सरासरी घेतली तर मऊ जमीन कागदावर टणक होते.

सोनिकने मोजलेला वेगही सिस्मिकच्या वेगाशी तंतोतंत जुळत नाही. सोनिक काम करतं दहा-वीस हजार हर्ट्झवर, सिस्मिक दहा ते शंभर हर्ट्झवर. ३,००० च्या खडकात एकाची तरंगलांबी वीस सेंटिमीटर, दुसऱ्याची शंभर मीटर. एक जण चाळणीतून खडक बघतो, दुसरा डोंगरावरून. शिवाय वारंवारता वाढली की वेग थोडा वाढतो. म्हणून विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर जिओफोन (जमिनीची थरथर टिपणारे ग्राहक) ठेवून, वर स्रोत वाजवून, लहर प्रत्यक्ष किती वेळात पोचली ते बघतात. हा चेकशॉट. सोनिकच्या वेळांची बेरीज आणि चेकशॉटची वेळ यांत दहा मिलिसेकंदांचा फरक निघाला तर ३,००० च्या वेगाने तो तीस मीटर झाला. मोजलेल्या वेगालाही हजेरी द्यावी लागते ती अशी. काढलेल्याला तर दोनदा द्यायला हवी.

आता लेखातल्या संगणकाकडे येते. त्याच्याशी माझं वैर नाही. गॅमा, घनता, न्यूट्रॉन, रोधकता हे चारही रकाने एकदम बघून वेग काढणं हे एकट्या घनतेवरून काढण्यापेक्षा चांगलंच आहे. मीठ कुठलं आणि भगदाड कुठलं हे त्याला या चारांवरून बरंच कळू शकतं. माझा आक्षेप परीक्षेच्या पद्धतीला आहे. लेखात म्हटलंय की ऐंशी टक्के बिंदूंवर शिकवलं, वीस टक्क्यांवर तपासलं, आणि दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. हे वीस टक्के निवडले कसे? लॉगची वाचनं अर्ध्या अर्ध्या फुटावर असतात आणि घनतेच्या उपकरणाला एका वेळी दिसतो तोच दोनेक फुटांचा पट्टा. म्हणजे शेजारशेजारचे बिंदू जवळपास एकमेकांच्या नकला असतात. त्यांतून चिठ्ठ्या टाकून वीस टक्के काढले तर तपासणीतल्या प्रत्येक बिंदूचे सख्खे शेजारी शिकवणीत बसलेले असणार. मग संगणकाला खडक कळायची गरजच नाही, शेजाऱ्याचं उत्तर आठवलं की झालं. खरी परीक्षा घ्यायची तर एक अख्खी विहीर झाकून ठेवावी, शिकवताना तिचा एकही आकडा दाखवू नये, आणि मग तिचा वेग काढायला सांगावा. तिथे रेघा जुळल्या तर मीही टाळ्या वाजवेन. आणि ज्या विहिरींवर शिकवलं त्यांत कोळसा नसेल तर कोळशाच्या थरात संगणक काय करील? तो ‘मला ठाऊक नाही’ म्हणणार नाही, −९९९.२५ लिहिणार नाही. तो एक आकडा देईल, दोन दशांश स्थळांसकट.

शिकवायला वापरलेल्या विहिरींतला सोनिक तरी पूर्ण मोजलेला होता का, हेही लेखकाने बघितलं असेल अशी आशा आहे. माझ्या त्या सहकाऱ्याच्या फाइलसारखी एखादी आत शिरली असेल, तर संगणकाने खडकाऐवजी १९७४ चं सूत्र पाठ केलं असेल आणि त्याबद्दल त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असतील. तपासायला सोपं आहे. वेग आणि घनतेचा आलेख काढा आणि ढगात रेघ दिसते का बघा.

तेव्हा आपल्याकडे मागणं एवढंच. पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापाल तेव्हा शीर्षकातलं ‘मोजतो’ बदलून ‘काढतो’ करावं. आकृतीतल्या उजव्या रकान्याला एकक दिलेलं नाही. आकडे ६० ते १२० आहेत म्हणजे ते मायक्रोसेकंद प्रति फूट असणार, आणि तसं असेल तर उजवीकडे सरकणारी रेघ वेग घटल्याचं दाखवते, लेखात लिहिलंय तसं वाढल्याचं नाही. लेखकांना माझा निरोप द्यावा की आकृतीतली ठिपक्यांची रेघ कुठल्या विहिरीची आहे आणि ती विहीर शिकवणीत होती की नव्हती, हे कळवावं. त्यांना वेळ असेल तर झाकून ठेवलेल्या विहिरीची आकृती पाठवावी. कॅलिपरच्या रकान्यासकट पाठवली तर उत्तमच.

कळावे,
आपली,
एक निवृत्त लॉग-विश्लेषक
(नाव छापू नये. त्या भगदाडाला मी जे नाव ठेवलं होतं ते आठवणारे दोघे-तिघे अजून आहेत.)